स्वच्छ प्रत कुणासाठी?

चाकण म्हटले की आज गाड्यांचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण कारखाने येण्याच्या कितीतरी आधी हा पट्टा लिहिणाऱ्यांचा होता. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे मूळचे चाकणचे. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. 1869 साली सरकारी साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामगाथेची आवृत्ती निघू लागली. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथली हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. चारपैकी तीन गावे याच पट्ट्यातली किंवा त्याच्या वेशीवरची. तेव्हा गाणे कागदावर कसे उतरवावे, हा वाद घालायला याहून योग्य जागा शोधायला नको.

वाद दोघांचा आहे. मामांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. गाणे ऐकण्याचा नाद आयुष्यभराचा. भाची निगडी प्राधिकरणात गाणे शिकवते. तिच्याकडे संध्याकाळी येणाऱ्यांत चाकणची पहिली पाळी करून आलेली मुले-मुली बरीच. विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून विषय निघाला आणि लाइपझिगपर्यंत जाऊन आला.

मामा : तुझ्या मुलांच्या वह्या पाहिल्या. वर यमन लिहिलंय, खाली अर्धीच बंदिश, तिच्यातच भूपाचे आरोह-अवरोह, समासात कुणाचा तरी फोन नंबर. मात्रा एकाखाली एक येत नाहीत. सम कुठे आहे ते शोधावं लागतं. ही काय वही झाली?

भाची : मामा, वही बघून गायचंच नाहीये. मी म्हणते, ते ऐकतात, मागून म्हणतात. वही आपली आठवणीपुरती.

मामा : मग आठवण तरी नीट नको का? आमच्या ऑफिसात ड्रॉइंग काढणारा जनरल शिफ्टला घरी जायचा. रात्रपाळीला टर्नरच्या हातात फक्त तो कागद. त्याला तीनचा आठ दिसला तर सकाळी सगळे जॉब भंगारात. अक्षर छान दिसावं म्हणून आम्ही ते घोटत नव्हतो. काढणारा समोर नसताना कागदाला एकट्यानं बोलता आलं पाहिजे, म्हणून घोटत होतो.

भाची : कारखान्याचं ठीक आहे. पण संगीतात मोठमोठ्यांच्या वह्या बघा. बेटोव्हेनची हस्तलिखितं पाहिली आहेत का तुम्ही? ओळीच्या ओळी खोडलेल्या, वर दुसरं लिहिलेलं, तेही पुन्हा खोडलेलं. काही पानं अशी की सूर कुठला आणि शाईचा डाग कुठला हे कळत नाही. त्याच्या नवव्या सिंफनीचं मूळ हस्तलिखित 2001 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेलं. अक्षराचे गुण कापून कुणी ते बाहेर ठेवलं नाही.

मामा : बेटोव्हेनचं नाव घेतलंस म्हणून विचारतो. त्या पानावरून वाद्यवृंदानं वाजवलं का?

भाची : नाही, नकलनवीस होते ना.

मामा : मग त्यांचंही नाव घे. व्हेन्त्सेल श्लेमर. बेटोव्हेनचं अक्षर लागणारा माणूस. वर्षानुवर्षं त्यानं तो गुंता सोडवून वादकांच्या हातात वाचता येतील असे कागद दिले. 1823 साली तो गेला आणि बेटोव्हेनची पंचाईत झाली. नवे नकलनवीस चुका करायचे, हा संतापायचा, भांडणं व्हायची. तू ज्याला प्रतिभेची खाडाखोड म्हणतेस, तिचा भार कुणीतरी दुसरा उचलत होता. हँडेलचं तसंच. 'मसाया' त्यानं 1741 साली तीन-साडेतीन आठवड्यांत लिहून काढला. पानांवर डाग, पुसापुशी. पण त्याच्याकडे नकला करणारा स्मिथ होता. तुझ्या मुलांकडे कोण आहे?

भाची : बरं, नकलनविसांचं मान्य. पण खोडलेलं पान मला काय देतं ते ऐका. मोझार्टबद्दल लोक सांगत आले की त्याला सगळं संगीत डोक्यात तयार मिळायचं, तो फक्त उतरवून काढायचा. आता त्यानं हायडनला अर्पण केलेली सहा चौकडी-वादनं घ्या, 1785 साली छापलेली. त्यांची मूळ पानं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांत भरपूर दुरुस्त्या आहेत. अर्पणपत्रात तो स्वतःच म्हणतो की ही फार दिवसांच्या कष्टांची फळं आहेत. तेवढीच स्वच्छ प्रत उरली असती, तर आपण ती देवदत्त प्रतिभेची दंतकथाच उगाळत बसलो असतो. माझ्या विद्यार्थ्याला 'मोझार्टलाही पुन्हा लिहावं लागलं' हे कळणं किती धीराचं आहे!

मामा : हे मात्र मला पटतं. पण मग बाखचं काय करशील?

भाची : तुमचा आवडता.

मामा : आवडता आहेच. 1720 साली एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांची त्याच्या हातची प्रत बघ. जलद सुरांना जोडणाऱ्या दांड्या सरळ नाहीत, लाटेसारख्या वळतात. चाल जशी चढते-उतरते तशा. पट्टी न लावता काढलेल्या, पण एकही सूर संदिग्ध नाही. आणि 'सेंट मॅथ्यू पॅशन'ची 1736ची प्रत! बायबलमधले शब्द लाल शाईत, बाकी काळ्या. पुढे त्या प्रतीची पानं कडेला खराब झाली, तेव्हा त्यानं स्वतः पट्ट्या चिकटवून गेलेला मजकूर पुन्हा लिहिला. हे मी वाचलं तेव्हा मला आमचे ट्रेसिंग दुरुस्त करणारे जुने ड्राफ्ट्समन आठवले. ट्रेसिंगवर चूक झाली की ब्लेडनं हलक्या हातानं शाई खरवडायची, नखानं जागा घोटायची, मग नवी रेघ. घाई केली तर भोक.

भाची : भोकावरून आठवलं. बेटोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीच्या मुखपृष्ठावर खरंच भोक आहे. बोनापार्टचं नाव त्यानं इतक्या जोरात खरवडलं की कागद फाटला. ती प्रत आजही व्हिएन्नात आहे. आणि गंमत बघा, ते त्याचं कच्चं पान नव्हतं. नकलनविसानं केलेली स्वच्छ प्रत होती. त्या भोकात एक राजकीय भ्रमनिरास आहे. कुणी ते पान बदलून नवं लावलं असतं, तर आपण काय गमावलं असतं?

मामा : पान बदला असं मी कधी म्हटलं?

भाची : आणि बाखचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. तो 1723 साली लाइपझिगला गेला आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवी कँटाटा द्यायला लागला. त्या कँटाटांची त्याच्या हातची कच्ची पानं बघा. तिथे तुमचा बाखसुद्धा खोडतो, ओळीत कोंबतो, सूर बदलून वर अक्षरानं नाव लिहितो, कारण आकृती कळेनाशी झालेली असते. हात तोच, शाई तीच. मग तो नीटनेटका माणूस की गबाळा?

मामा : रविवार तोंडावर आला की कोण काय करणार! पण थांब, हा मुद्दा मोठा आहे. म्हणजे अक्षरावरून माणूस ओळखायला जाऊ नये. हे पान कुणासाठी आहे, ते आधी विचारावं. रचताना लिहिलेलं पान त्याचं स्वतःचं. 1720चं आणि 1736चं पान पुढच्या माणसाचं.

भाची : इथपर्यंत आपण एक. पण आपल्या गाण्यात तो पुढचा माणूस समोर बसलेला असतो. गुरू गातो, शिष्य उचलतो. कागद मध्ये लागतोच कशाला?

मामा : हेच म्हणून किती बंदिशी गेल्या! भातखंड्यांनी वकिली बाजूला ठेवून गावोगाव का फिरावं? कारण चिजा घराण्यांत अडकलेल्या, बुजुर्ग जात होते, त्यांच्याबरोबर चिजाही. त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सगळ्यांसाठी खुल्या केल्या. चिन्हं मोजकी. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेत बसणाऱ्या सुरांखाली कमान, समेला फुली, खालीला शून्य. वकिलाचा कागद, कुणालाही वाचता यावा असा. तुझ्या हातात आज जी बंदिश आहे, ती त्या नीटनेटकेपणाच्या जोरावर आली.

भाची : भातखंड्यांचं ऋण मी नाकारत नाही. पण त्यांच्यावरूनच दाखवते की नुसत्या स्वच्छ अक्षरानं काम भागत नाही. हा एक षड्ज लिहिला, डोक्यावर टिंब दिलं. आता वाचा.

मामा : तार षड्ज.

भाची : भातखंडे पद्धतीनं. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र. तारसप्तकाला तिथे उभी रेघ. म्हणजे तेच टिंब, तितकंच सुबक, आणि वाचणारा दोन सप्तकं चुकला! पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांची लिपी तिथून पसरली. भातखंड्यांची वेगळ्या वाटेनं आली. आज परीक्षेला बसणाऱ्या मुलाला दोन्ही शिकाव्या लागतात. माझ्याकडे मुलं जुन्या वह्या आणतात, आजीच्या, मावशीच्या. मोत्यासारखं अक्षर असतं, पण कुठली पद्धत ते लिहिलेलंच नसतं. ते ओळखण्यात निम्मा तास जातो.

मामा : आमच्याकडे असं ड्रॉइंग चेकरनं परत पाठवलं असतं. माप मिलिमीटरमध्ये की इंचात, हे कोपऱ्यातल्या तक्त्यात लिहिलं नसेल तर उरलेल्या सुबक रेघा काय कामाच्या? हा मुद्दा तुझा.

भाची : आता याहून अवघड. दरबारीचा गंधार. कागदावर 'ग' आणि खाली आडवी रेघ. काफीचाही गंधार तसाच, बागेश्रीचाही तसाच. आंदोलनाची खूण दिली तरी तो किती उतरलेला, किती संथ झुलायचा, मध्यमाकडून येताना कुठे टेकायचा, हे कागदाला सांगता येत नाही. शिकाऊ मुलगा स्वच्छ नोटेशन बघून म्हणतो, 'मला दरबारी येतो.' पान जितकं देखणं, तितका त्याचा गैरसमज पक्का. गिचमिड पान निदान कबूल करतं की इथे काहीतरी राहून गेलंय.

मामा : गिचमिड पान काही कबूल करत नाही, बाई. ते नुसतं गिचमिड असतं. कबुली लिहावी लागते. आमच्या ड्रॉइंगवर नुसतं 'पंचवीस मिलिमीटर' लिहून भागत नाही. किती कमी-जास्त चालेल तेही लिहायचं. ते नसेल तर माप अपुरं. तुमच्या नोटेशनला हे टॉलरन्स लिहायची सवय नाही, दोष तिथे आहे. 'गंधार गुरूकडून ऐकून घ्यावा' एवढं समासात लिहायला कितीसा वेळ लागतो?

भाची : हे मी कधी केलं नाही. तोंडी सांगते, पण लिहीत नाही.

मामा : आणि तोंडी सांगितलेलं तुझ्या वर्गाच्या बाहेर जात नाही.

भाची : बाहेर जातं, मामा, आणि ते सांगायला मला बाखकडे जावं लागत नाही. संताजींच्या वह्यांत काय आहे? शब्द. चाल नाही. स्वर नाहीत, ताल नाही. वारीत मात्र तेच अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायले जातात. टाळकऱ्याच्या मागे उभा राहून पोरगा शिकतो. चाल बदलत गेली असेल, भर पडली असेल, पण गाणं मेलं नाही. देहूला 'भिजकी वही' जपून ठेवली आहे, पण लोकांनी तुकोबा वाचवले ते गळ्यानं. वह्या बुडाल्याची कथा आपण सांगतो तीसुद्धा त्यासाठीच ना?

मामा : गळ्यानं वाचवले, खरं. पण गळ्यात कुठला शब्द मूळचा आणि कुठला मागून शिरलेला, हे ठरवायची वेळ आली तेव्हा लोक कुठे गेले? 1869च्या संपादकांना चार ठिकाणची हस्तलिखितं जमवावी लागली. पुढे वि. ल. भाव्यांनी संताजींच्या वह्यांवरून वेगळा गाथा छापला, तेव्हा त्याला नाव दिलं 'अस्सल गाथा'. अस्सल का? तर ऐकणाऱ्यानं स्वतः लिहिलेलं, तोंडाच्या सगळ्यांत जवळचं. तेलाचा घाणा चालवणाऱ्या माणसानं दिवसाचं काम सांभाळून ते लिहिलं. त्यानं 'गळ्यात आहेच की' म्हणून सोडून दिलं असतं तर?

भाची : तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा निघतो. भाव्यांना ती वही मोलाची वाटली ती सुंदर होती म्हणून नव्हे, जवळची होती म्हणून. नंतर कुणीतरी घोटून केलेली प्रत कितीही देखणी असो, ती लांबची.

मामा : म्हणून तर दोन्ही हव्यात.

भाची : दोन्ही ठेवतो कोण? स्वच्छ प्रत झाली की कच्चं पान रद्दीत. आणि हल्ली तर कच्चं पानच नसतं. मुलं मोबाइलवर टाइप करतात. चुकलं की पुसलं, नवं लिहिलं. पान कायम स्वच्छ! काल तान कशी होती, आज का बदलली, काही मागमूस नाही. या स्वच्छतेची मला भीती वाटते.

मामा : आता मी तुला कारखान्याचा एक नियम सांगतो. तपासणीच्या तक्त्यात चुकीचा आकडा पडला तर खोडरबर चालत नाही. व्हाइटनर तर हातातही घ्यायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. ज्या तक्त्यावर एकही दुरुस्ती नाही आणि अक्षर सगळीकडे एकसारखं, तो बघून जुना ऑडिटर आधी संशय घ्यायचा. हा बसल्या बैठकीला एकदम भरलाय!

भाची : हे माझ्या एका विद्यार्थिनीनं मला सांगितलंय. चाकणला क्वालिटीत आहे. मी तिला बंदिशीतली जागा बदलून दिली, तर तिनं जुन्यावर एक रेघ मारली, वर नवी लिहिली आणि तारीख टाकली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, कंपनीत हाताला वळण पडलंय.

मामा : झालं तर मग! ज्याला तू गबाळेपणा म्हणून कवटाळतेस आणि मी नीटनेटकेपणा म्हणून मिरवतो, ते दोन्ही तिच्या एका रेघेत आहे. दुरुस्ती दिसते आणि वाचताही येते. ड्रॉइंगवर आम्ही बदललेल्या मापाशेजारी खूण करायचो, कोपऱ्यातल्या रिव्हिजनच्या तक्त्यात काय बदललं, कधी, कुणी, ते लिहायचो. मशीनवर नव्या रिव्हिजनची प्रत जायची, जुनी काढून घ्यायची. पण रेकॉर्डला जुनी राहायची. पाच वर्षांनी कुणी विचारलं की ही त्रिज्या का वाढवली, तर उत्तर सापडायचं.

भाची : म्हणजे तुमच्या शिस्तीत खोडण्याला जागा आहे.

मामा : खोडण्याला आहे. लपवण्याला नाही. आणि वाचता न येण्यालाही नाही.

भाची : मग मी एवढं करीन. मुलांना दोन वह्या. एक रोजची, तिच्यात काहीही, पण ती फेकायची नाही आणि तारीख घालायची. दुसरी पक्की. तिच्यात प्रत्येक बंदिशीच्या डोक्यावर राग, ताल, लय, कुणाकडून मिळाली, कधी मिळाली, भातखंडे की पलुस्कर. पुढे काही बदललं तर एक रेघ आणि तारीख. आणि समासात, कागदाला जे सांगता येत नाही ते: हा गंधार ऐकून घ्यावा, ही मींड सावकाश, ही जागा दर वेळी वेगळी येते.

मामा : आणि मात्रा एकाखाली एक.

भाची : आणि मात्रा एकाखाली एक. पण माझी एक अट आहे, ती मी सोडणार नाही. पक्क्या वहीत बंदिश उतरवायची ती गळ्यात बसल्यावर. आधी नाही.

मामा : मी म्हणेन शिकवल्याच्या दिवशीच. संताजी काय तुकोबांच्या अभंगाची तालीम करून मग लिहायला बसले होते?

भाची : संताजींना तुकोबांचे शब्द जसेच्या तसे राखायचे होते, त्यांनी त्याच दिवशी लिहिलं ते बरोबर. माझ्या मुलाला बंदिश गायची आहे. न बसलेली बंदिश पक्क्या वहीत गेली की तो गळ्याऐवजी वहीवर विसंबतो. त्या दिवशीचं त्या दिवशी रोजच्या वहीत जाऊ दे. पक्कं अक्षर हे त्याला आलंय याची सही असू दे.

मामा : मधल्या दिवसांत तो विसरला तर?

भाची : म्हणून तर रोजची वही फेकायची नाही!

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही आणि व्हायलाही नको. मामांना कागद हरवण्याची भीती आहे, भाचीला गळा हरवण्याची. गाणे शिकवणाऱ्या घरात दोन्ही भीती जाग्या असाव्यात. पण ज्यावर ते एक झाले, ते मला आपल्या प्रत्येक गायनवर्गात हवे आहे. हस्तलिखिताच्या स्वच्छतेवरून रचनाकाराची प्रतिभा मोजणे आपण सोडून द्यावे. बाखच्या एकाच हाताने दोन्ही तऱ्हेची पाने लिहिली, एवढा पुरावा त्याला पुरेसा आहे. स्वच्छ प्रत ही आपण समोर नसताना गाणाऱ्याची सोय असते, आणि ती सोय करणे हे शिकलेल्या माणसाचे कर्तव्य आहे. खाडाखोडीचे पान हा काम कसे झाले याचा पुरावा असतो, आणि पुरावा नष्ट करण्याचा अधिकार स्वच्छ प्रत लिहिणाऱ्याला मिळत नाही.

आज पिंपरी-चिंचवडमध्ये किती घरांत गाण्याच्या वह्या पडून आहेत! कुणाच्या आईने मध्यमा-विशारद करताना लिहिलेल्या, कुणाच्या आजोबांनी भजनी मंडळासाठी उतरवलेल्या. घर बदलताना, आवराआवरीत त्या आधी जातात, कारण त्या गबाळ्या दिसतात. त्या फेकू नका. आधी वरच्या कोपऱ्यात लिहा: ही कुणाची, कुठे शिकत असताना लिहिलेली, साधारण कुठल्या वर्षातली, कुठल्या पद्धतीची. हे सांगू शकणारे माणूस घरात आहे तोवर विचारून लिहा. मग वाटल्यास स्वच्छ नक्कल करा, आणि नक्कल झाली तरी मूळ वही तिच्या शेजारीच ठेवा.